वाढलेली मोटार

निंबधारच्या महाराजांची मोटार पुन्हा वाढली.

वाढली म्हणजे बंद पडली. बांगडी फुटली तर ती वाढली म्हणायचं, मंगळसूत्र तुटलं तर तेही वाढलं म्हणायचं. तसंच सरकारी मोटारीबद्दल अभद्र बोलायचं नाही, असा दरबारचा हुकूमच होता. त्यामुळे तिचे ब्रेक वाढत, दिवे वाढत, पावसाळ्यात टपही वाढे आणि महाराजांच्या डोक्यावर धार लागे. दिवाणजी छत्री धरून म्हणत, "सरकार, मोटारीची भरभराट आहे."

विलायतेला परतताना एका साहेबाने ही जुनी मोटार महाराजांच्या गळ्यात मारली होती. वर दुरुस्तीचं पुस्तक आणि नट आवळायच्या पान्यांची पेटी भेट दिली. खरा घात त्या भेटीनेच केला. महाराज पुस्तकातली चित्रं पाहत, बाह्या सरसावत आणि मोटार खोलून पुन्हा जुळवत. दर वेळी हातात काहीबाही उरे.

"पाहिलंत? या गोऱ्यांना लोखंडाची किंमत नाही. उगाच भरून ठेवतात," म्हणत ते उरलेलं सगळं मागच्या भिंतीपलीकडे भिरकावत. दरबारी माना डोलावत. मान डोलावण्याचाच पगार होता त्यांना.

मोटार आधी फक्त उतारावर धावू लागली. मग हुजऱ्यांनी ढकलल्यावर. आता ढकलूनही हलेना, आणि दसऱ्याला शेजारचे राजे यायचे होते.

भिंतीपलीकडे ड्रायव्हर भैरू गुरवाचं घर होतं. तो पडल्या चेहऱ्याने घरी आला.

"दसऱ्याला मोटार धावली पाहिजे," त्याने मुलीला, हौसाला सांगितलं. "नवा भाग आणायचा नाही. सरकारांनी बसवलेला नट हलवायचा नाही. नाही जमलं तर आपण गाव सोडायचं."

हौसा दुधाच्या भांड्यावर झाकण ठेवत होती. ते तिने उलटून पाहिलं.

"आबा, हे मोटारीचं ना?"

"रेडिएटरचं. दाराला लावलीय ती स्प्रिंगही तिचीच. निम्मी मोटार आपल्या घरात आहे, पोरी. पण सरकारांकडून बसवायचं राहिलं असं म्हणायचं कुणी? जीभ हासडतील."

"चूक नाही सांगायची, आबा. भरभराट सांगू."

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली.

"ही कोण?" महाराजांनी विचारलं.

"ड्रायव्हरची मुलगी, सरकार," दिवाणजी नाक मुरडून म्हणाले.

"सरकार, मोटारीला काही झालेलं नाही," हौसा म्हणाली. "ती वाढलीय. पण अशी वाढलीय की मोटारखान्यात मावेना. भिंत ओलांडून आमच्या घरात शिरली."

दिवाणजींची मान सवयीने डोलली आणि मध्येच थांबली.

"दुधाच्या भांड्यावर तीच बसते. शेळी तिच्याच पट्ट्याने बांधतो. पोपटाच्या पिंजऱ्याला खिटी म्हणून तिचा प्लग आहे. आता दसऱ्याला सरकार अर्ध्या मोटारीत बसणार, अर्धी आमच्या चुलीपाशी. पाहुण्या राजांनी नमस्कार कुठल्या अर्धीला करायचा?"

महाराज लाल झाले. "नवा भाग आणायचा नाही म्हणून सांगितलं होतं!"

"नवा कुठला, सरकार? माहेरी आलेल्या लेकीला कुणी नवी म्हणतं का?"

"आणि मी बसवलेलं?"

"त्याला कोण हात लावतंय? सरकारांनी जे बसवलं ते तसंच राहू द्या. जे बसवलं नाही, तेवढंच आबा बसवतील."

महाराजांनी एकदा दिवाणजींकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे, आणि हात हलवून भैरूला मोटारखाना दाखवला.

दसऱ्याच्या सकाळी मोटार गुरगुरली, थरथरली आणि कुणीही न ढकलता चढ चढून गेली. पाहुणे राजे थक्क झाले. महाराज फुगले. जणू त्यांनीच जुळवली होती.

"माग पोरी, काय हवं ते," परतल्यावर ते म्हणाले. "आज सोनं लुटायचा दिवस आहे."

"सोनं नको, सरकार. दसऱ्याला पानेच देतात."

महाराजांनी आपट्याची डहाळी पुढे केली. हौसाने हात मागे घेतला.

"आपट्याची पानं राहू देत, सरकार. पेटीतले पाने द्या."

महाराजांनी मोटारीतल्या पेटीकडे पाहिलं आणि ते हसले. पोट धरून, मोटारीच्या दाराला टेकून हसले. इतके, की ते दार निखळून पायाशी पडलं.

"वाढलं, सरकार, वाढलं!" दिवाणजी ओरडले.

महाराजांचा हात सवयीने पेटीकडे गेला. पण हौसा केव्हाच पेटी उचलून भिंतीपलीकडे पोचली होती.