दिग्विजयाचा घोडा आणि फुटलेला पाट

कमलावती नगरीत एक तरुण राजा गादीवर आला, त्याच वर्षी बोधिसत्त्व त्याच्या पागेत शिंगरू होऊन जन्माला आले. रंग पांढराशुभ्र, फक्त डावा कान काळा. नंदिक नावाच्या मोतद्दाराने त्या शिंगराला लहानाचं मोठं केलं. नंदिकाची बायको लवकर गेलेली, एकुलती एक मुलगी सुभा लांब सासरी. मग काय, सगळा जीव त्या घोड्यात. लोक चेष्टा करायचे, "नंदिक, घोड्याला मांडीवर घेऊन निजवतोस की काय रे?" नंदिक हसायचा आणि खरारा करत राहायचा.

राजाला मात्र स्वस्थ बसवत नव्हतं. आजोबांनी राज्य मिळवलं, वडिलांनी वाढवलं, आता आपण चक्रवर्ती व्हायचं, असं त्याने डोक्यात घेतलं. त्या काळी त्यासाठी एक रीत होती. उत्तम घोडा निवडून वर्षभर मोकळा सोडायचा आणि मागे सैन्याने चालायचं. घोड्याचा पाय पडेल ती भूमी राजाची. तिथल्या लोकांनी मान तुकवायची, नाहीतर लढायचं. घोड्याला कुणी वळवायचं नाही, साधी शीळसुद्धा घालायची नाही. घालेल त्याचं डोकं उडवायचं. आणि वर्ष सरलं की त्याच घोड्याचा यज्ञात बळी द्यायचा.

राजाने काळ्या कानाचा घोडा निवडला. नंदिकाच्या पायाखालची जमीन सरकली, पण राजाज्ञेपुढे मोतद्दाराचं काय चालणार? घोड्याचं दाणापाणी बघायला तो सैन्याबरोबर निघाला. राजाही निघाला, कारण त्याला आपला दिग्विजय आपल्या डोळ्यांनी बघायचा होता.

घोडा सुटला तो श्रीमंत नगरांकडे फिरकलाच नाही. दोन महिने चालून तो एका माळावर थांबला. तिथे शंभर खांबांची राजसभा उभी होती, छप्पर नव्हतं, आणि खांबाखांबाला शेळ्या बांधलेल्या. राजाने धनगराला विचारलं, "ही कुणाची सभा?"

"शेळ्या माझ्याच आहेत की," धनगर म्हणाला. "सभेचं मला काय ठाऊक?"

सैनिक हसले. राजा हसला नाही.

पुढे नदीकाठी एक परटीण दगडी सिंहाच्या पाठीवर कपडे आपटताना दिसली. सिंहाच्या छातीवर कुणा सम्राटाची अक्षरं होती, ती झिजून गुळगुळीत झालेली. मग अरण्यात एक रुंद तट लागला, वडाच्या मुळांनी पार उकललेला. बरोबरचे पंडित म्हणाले, इथल्या सम्राटाची सत्ता समुद्रापर्यंत होती. "मग ती गेली कुठे?" राजाने विचारलं. पंडितांनी तीन वेगवेगळी कारणं सांगितली आणि ते आपापसात भांडू लागले.

अकरा महिने हेच चाललं. एकही राजा शरण आला नाही, कारण वाटेत एकही राजा भेटला नाही. राजाचं जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. एका संध्याकाळी तो नंदिकाजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "माझ्याही सभेत शेळ्या बांधतील ना रे?"

दुसऱ्या दिवशी घोडा दक्षिणेकडे वळला. समोरचे डोंगर नंदिकाने ओळखले. डोंगराच्या अलीकडे वेतसग्राम होतं, त्याच्या सुभाचं सासर. त्या गावाला राजा नव्हता. सगळे मिळून कारभार बघायचे आणि कुणापुढेही मान तुकवत नसत. म्हणजे ते भाले घेऊन उभे राहणार आणि चार हजार सैनिकांपुढे अर्ध्या दिवसात संपणार.

नंदिकाची शीळ घोडा शिंगरू असल्यापासून ओळखत होता. एका शिळेवर तो मागे फिरला असता. दोनदा नंदिकाच्या ओठांशी ती आली. पण शीळ सगळ्या सैन्याला ऐकू गेली असती, आणि चिडलेल्या राजाने गाव जाळायला कमी केलं नसतं. शेवटी चारा घालताना तो घोड्याच्या कानाशी पुटपुटला, "बाळा, उजवीकडची खिंड बघ. रान दाट आहे, कुणाला सापडणार नाहीस. पळ रे! तूही वाचशील, माझी पोरही वाचेल."

घोड्याने त्याच्या खांद्यावर तोंड टेकलं. मग शांतपणे चारा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो सरळ गावात शिरला.

गावात घरं मोकळीच होती. सगळे लोक शिवारात पाटावर जमले होते. पुराने पाटाचा मोठा बांध वाहून नेला होता, आणि पलीकडची भातखाचरं भेगाळली होती. मातीची टोपली घेतलेली एक बाई वळून बघते तो काय, "बाबा!" टोपली टाकून सुभा धावत आली आणि नंदिकाच्या गळ्यात पडली.

राजाचा चेहरा बदलला. "वा रे वा! अकरा महिने मला पडक्या भिंती दाखवल्यास, आणि शेवटी घोडा तुझ्या लेकीच्या दारात! तूच याला वळवत आणलास."

"नाही महाराज. हे गाव सोडून कुठेही जा, म्हणून मी काल त्याला विनवलं."

"हे कोण खरं मानील?"

कुणीही मानणार नाही, हे नंदिकालाही कळत होतं. तो गुडघ्यांवर बसला. राजाने तलवार उपसली. गावकऱ्यांनी भाले उचलले. तेवढ्यात घोडा राजा आणि नंदिकाच्या मधे येऊन उभा राहिला आणि माणसाच्या वाणीने बोलला.

"महाराज, नंदिक खरं बोलतोय. त्याने दाखवलेल्या वाटेने मी काल पळालो असतो, तर माझा जीव वाचला असता. पण तुमचा राग त्याच्यावर आणि या गावावर निघाला असता, म्हणून थांबलो. मला तुमच्याशी बोलायला एकच वर्ष होतं, तेव्हा पायांनी बोललो. ज्यांना सगळी पृथ्वी हवी होती, त्यांची घरं तुम्हाला दाखवली. तेवढंच दाखवून थांबलो असतो, तर तुम्ही खचला असता. म्हणून इथे आणलं. आता या मुलीला विचारा, हा पाट कुणाचा?"

राजाने सुभाकडे बघितलं.

"कुणी राजा होता म्हणतात, त्याने खणला," सुभा म्हणाली. "नाव नाही ठाऊक. गाळ आम्ही काढतो. आमचे आजे-पणजेही काढायचे. यंदा बांध फार गेला. आठ दिवसांत पाणी आलं नाही तर भात हातचं जाईल." तिने तलवारीकडे बघितलं. "महाराज, मारायचं असेल तर मारा, नाहीतर बाजूला व्हा. कामाचा खोळंबा होतोय."

राजाने फुटलेल्या पाटाकडे बघितलं. मग त्याने तलवार म्यानात घातली आणि पडलेली टोपली उचलली.

चार हजार सैनिक मातीत उतरले. राजाच्या हातांना फोड आले. "अशी टाकतात होय माती?" म्हणून गावातल्या बाया त्याला हसल्या, आणि तोही हसला. सातव्या दिवशी पाटाला पाणी आलं. राजा गुडघाभर पाण्यात उभा राहून लहान मुलासारखा रडला.

वर्ष सरलं. राजधानीहून पुरोहितांचा निरोप आला: यज्ञकुंड पेटलंय, घोडा आणावा, किती राजे जिंकले ते कळवावं. राजाने उलट सांगून पाठवलं, "कुंड विझवा, घोडा येणार नाही. जिंकला कुणालाच नाही. पाट बांधायला शिकलेली चार हजार माणसं घेऊन येतोय, तेवढी खणायला जागा शोधून ठेवा."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, सुगात्र नावाच्या भिक्षूला सांगितली. सुगात्र राजकुळातला होता. त्याच्या घराण्याचं सात पिढ्यांचं राज्य नुकतंच बुडालं होतं आणि सगळं मातीत गेलं म्हणून तो झुरत होता. कथा संपल्यावर त्याने विचारलं, "भगवन्, त्या राजाचं नाव काय?"

"ते आता कुणाच्याच लक्षात नाही," शास्ते म्हणाले. "नंदिक म्हणजे आजचा आपला भिक्षू आनंद. सुभा म्हणजे काल आपल्याला भिक्षा वाढणारी उपासिका. जीव वाचवायची वाट सोडून थांबलेला घोडा मी होतो. आणि सुगात्रा, काल तुझ्या पात्रात पडलेला भात त्याच पाटाच्या पाण्यावरचा. तो राजा तू होतास."

सुगात्राचे डोळे भरून आले. तो उठला आणि पात्र घेऊन भिक्षेसाठी पाटावरच्या त्या गावाच्या वाटेला लागला. शास्त्यांनी या कथेतल्या गुणाचं नाव सांगितलं: करुणा.