दोन ठोक्यांमधलं शून्य

"...आणि त्या शून्यात किती वेळ होतास?" केशरबाबांनी विचारलं.

"वेळ? बाबा, तिथं कुठला आलाय वेळ!"

हे उत्तर विश्वंभरनं मठाची टेकडी चढताना घोकून ठेवलं होतं. चढताना दोनदा मटकन खाली बसावं लागलं, ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

गडी जाम खूश होता. गेल्या आठवड्यात ऐन आरतीत त्याची छाती धडधडायला लागली, मग एकदम थांबल्यासारखी झाली. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि स्वारी आडवी! शुद्धीवर येऊन बघतो, तर अख्खी वाडी पाया पडतेय. समाधी लागली म्हणे. आता बाबांनी एकदा 'हो' म्हटलं की झालं.

"हात आण इकडं."

बाबा मनगटाची नाडी धरून, डोळे मिटून बसले. विश्वंभरनं चेहरा जमेल तेवढा तेजस्वी केला.

"पळतेय... पळतेय..." बाबा पुटपुटले. "थांबली."

...

"आली बाई परत."

"तेच ते शून्य, बाबा!" विश्वंभर हरखला. "दोन ठोक्यांमधलं!"

बाबांनी हात सोडला आणि ते दाराकडं तोंड करून ओरडले, "अरे, जीप काढा रे!"

मग कफनीची गुंडी काढून त्यांनी डाव्या खांद्याखाली बोट ठेवलं. तिथं कातडीखाली काडेपेटीएवढा उंचवटा होता.

"हे काय, बाबा?"

"माझं शून्य. डॉक्टरांनी बुजवलं. आत यंत्र बसवलंय. ठोका चुकला की ढुसणी देतं."

विश्वंभरचा आ वासलेलाच राहिला. "म्हणजे तुमची समाधीसुद्धा..."

"पाया माझ्याही पडले होते लोक."

बाहेर जीप घुरघुरली. विश्वंभरला मरणाची भीती वाटली, नाही कसं म्हणावं? पण त्याहून मोठी पंचाईत दुसरीच होती. गुरुवारी वाडीनं त्याचा सत्कार ठेवला होता. मंडपसुद्धा घालून झाला होता.

"बाबा..." तो कसाबसा म्हणाला, "दवाखान्यात गेलो, तर लोक काय म्हणतील?"

बाबांनी त्याच्या चपला उचलून त्याच्या पुढ्यात ठेवल्या.

"ते ऐकायला तरी जिवंत राहा, लेका."