सरोवराचे शिंपले सरोवराला

आमराईतली विहीर आटली म्हणून एक भिक्खू तिच्यावर रागावला, तेव्हा दुसऱ्या दिवशी शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भिक्खूंना आपल्या पूर्वजन्मीची ही कथा सांगितली. पूर्वी समुद्रकाठच्या लवणपुरीत राजा पद्मकेतू राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका अमात्याच्या घरी जन्म घेतला. पुढे तो स्वतः अमात्य झाला आणि नगराजवळच्या खाऱ्या सरोवराची देखरेख त्याच्याकडे आली. ते सरोवर कोणा एकाचे नव्हते. भरतीचे पाणी त्यात येई, ओहोटीला काठ उघडा पडे आणि धीवरांच्या बायका कोयत्या घेऊन कालवे, म्हणजे शिंपल्यांतले खाण्याचे जीव, काढीत. त्यावरच साऱ्या काठाच्या चुली पेटत.

पण कालवे दरवर्षी कमी होऊ लागली. बोधिसत्त्व शास्त्रे शिकलेला होता. त्याने विचार करकरून अर्ध्या सरोवरात कालवे काढणे बंद केले. तरी कालवे वाढेनात. पिंगळा नावाची वयस्क धीवरीण त्याला तोंडावर म्हणाली, "अमात्यबाबा, उपास सरोवराला घडवलात की आम्हाला?"

बायका खिदळल्या. बोधिसत्त्वही हसला, पण बोलणे त्याच्या मनाला लागले. आपली आज्ञा चुकली असेल तर या बायकांच्या तोंडचा घास आपणच काढला, या विचाराने त्याला चैन पडेना.

एके सकाळी ओहोटीला तो स्वतः चिखलात उतरला. बंद केलेल्या भागात नुसता मऊ गाळ होता. कालवांचे एकही पिल्लू दिसेना. एका कोपऱ्यात मात्र थोडे जुने शिंपले पडले होते, आणि त्यांच्या पाठीवर मुगाएवढाली पिल्ले घट्ट चिकटून बसली होती.

त्याने पिंगळेला विचारले, "बाई, रिकामे शिंपले कुठे टाकता?"

"आजी होती तोवर पाण्यात टाकायचो. तिचा तसा दंडकच होता. आता राजवाड्याच्या चुन्याला लागतात ना! भट्टीवाला भात देतो आणि घेऊन जातो."

बोधिसत्त्व भट्टीवर गेला. तिथे शिंपल्यांचा डोंगर रचलेला होता आणि दुसऱ्याच दिवशी भट्टी पेटायची होती. तो तडक राजापुढे उभा राहिला.

"महाराज, ते शिंपले पाण्यात परत टाकू द्या. पिल्ले जुन्या शिंपल्यांवरच बसतात, असे मला वाटते."

"वाटते? की खात्री आहे?"

बोधिसत्त्व म्हणाला, "खात्री नाही, महाराज. मागे खात्री होती, तेव्हा मी चुकलो. पण शिंपले पाण्यात टाकले आणि माझे चुकले, तर ते काढून नंतरही भाजता येतील. भाजल्यावर चूक कळली, तर चुन्याचे शिंपले होणार नाहीत."

भट्टीवाला कुरकुरला, "मग महाराजांनी काय मातकट भिंतींत राहायचं?"

"माझे वडील राहिलेच की," राजा म्हणाला. "भिंत थांबेल. पोट थांबत नाही. तू डोंगरातली चुनखडी आण, जमेल तेव्हा."

बोधिसत्त्वाने आधी स्वतःच्या घराच्या चुन्यासाठी साठवलेले शिंपले गाडीत भरले, मग भट्टीवरचा डोंगर हलवला. सारे शिंपले गाळावर पसरले. त्यानंतर तो रोज काठावर जाई, पण वाकून पाहायला भीत असे.

पुढच्या हंगामात पिंगळा कमरेइतक्या पाण्यातून ओरडतच आली. तिने एक जड शिंपला त्याच्या ओंजळीत ठेवला. त्याचा मूळचा रंगही दिसत नव्हता, इतकी पिल्ले त्यावर दाटली होती.

"घ्या बाबा. सरोवराचा उपास सुटला!"

बोधिसत्त्वाने शिंपला कपाळाला लावला आणि वाकून हळूच पाण्यात परत ठेवला. ते पाहून पिंगळेनेही पाण्याला हात जोडले. तेव्हापासून त्या काठावर रीतच पडली. आधी कालचे शिंपले सरोवराला द्यायचे, मग कोयतीला हात लावायचा. राजवाडा पुष्कळ वर्षे मातकटच राहिला, आणि काठावरची माणसे पाहुण्यांना तो कौतुकाने दाखवीत.

एवढे सांगून शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, तो राजा म्हणजे आपल्याला ही आमराई देणारा गृहस्थ. भट्टीवाला म्हणजे विहीर आटली म्हणून काल तिच्यावर रागावलेला तुमच्यातला भिक्खू. पिंगळा म्हणजे रोज आपल्या पात्रात पहिला घास वाढणारी उपासिका. आणि तो भित्रा अमात्य मीच होतो. ज्याच्यावर आपण जगतो त्याला आठवणीने परत देणे, हीच कृतज्ञता."