अंतरपाटाआडची तुळस

झाडांचे बोलणे माणसांना कळत असे, त्या काळची ही गोष्ट. गोदूताईंनी वरच्या आळीतून भुरी नावाचे गिनीपिग आणले. मऊ गवत अंथरले, समोर कोथिंबीर ठेवली. तरी भुरी अंग चोरून कोपऱ्यात बसे, पाल्याला तोंड लावीना.

"एकटं वाटत असेल हो," म्हणत ताईंनी पिंजऱ्यात आरसा टांगला. "घे बाई, तुझी मैत्रीण."

भुरी आरशाला नाक लावी, हळूच साद घाली, उत्तर आले नाही की मागे सरे. वृंदावनातली तुळस हे रोज पाही आणि मनातून संतापे.

कार्तिकात तुळशीचे लग्न आले. बाळकृष्ण पाटावर बसले, अंतरपाट धरला गेला. तोच तुळस म्हणाली, "थांबा. मला हे लग्न नको."

"अगं माये, देव ताटकळलाय ना," ताई म्हणाल्या.

"ताटकळू दे. मी एकटी राहू नये म्हणून दरवर्षी मांडव घालता, आणि त्या उपाशी जिवापुढे काच टांगता? मग माझ्यापुढेही आरसाच धरा आणि टाका अक्षता."

भटजी हसले. "ताई, वधू हट्टाला पेटली."

ताई हसल्या नाहीत. वाळलेली कोथिंबीर पाहून त्या तडक वरच्या आळीला गेल्या आणि भुरीच्या पाठच्या बहिणीला पदरात घेऊन आल्या. आरसा निघाला. भुरीने साद घातली आणि या वेळी उत्तर आले. थोड्याच वेळात एकाच काडीला दोघी दोन टोकांनी लागल्या.

"भटजी," तुळस म्हणाली, "आता म्हणा मंगलाष्टके."