चार नंबरची टाकी रिकामी आहे

“तिघांतलं कोण खोटं बोललं, एवढंच मला सांगा, चाचा.”

हमीद मुजावर दर्ग्याचं अंगण झाडत होते. झाडू थांबला नाही.

“कोण तिघं?”

“आमच्या डेअरीतल्या तीन सिस्टीम.”

वैदेही खटावकर पायरीवर बसली. लॅपटॉप मांडीवर. डेअरीचा सगळा संगणक विभाग तिच्या हाताखाली होता. हमीदचाचांनी त्याच डेअरीत चौतीस वर्षं यंत्रं चालवली होती. आज तिथे पॅनेलसमोर बसणारे निम्मे लोक त्यांनीच तयार केलेले. निवृत्त झाल्यापासून ते घराण्यात चालत आलेली दर्ग्याची सेवा बघत.

आठ दिवसांपूर्वी दुधाच्या चार नंबरच्या टाकीपाशी यशवंत भोरे या कामगाराचा हात भाजला होता.

“उद्या अकराला अहवाल द्यायचाय. चूक सिस्टीमची की कामगाराची, स्पष्ट लिहा, असं वरचे लोक म्हणतात. कामगाराची लिहिली तर यशवंतची नोकरी जाईल.”

“आणि सिस्टीमची लिहिलीस तर?”

“तर कुठल्या सिस्टीमची, ते सांगावं लागेल.”

“मग सांग की.”

“तेच तर कळत नाहीये!”

चाचांनी झाडू भिंतीला टेकवला आणि खालच्या पायरीवर येऊन बसले.

“एकेक सांग.”

“पहिली यंत्रं चालवते. झडपा उघडणं, पंप बंद करणं, तापमान बघणं. ती सांगत होती, चार नंबरमध्ये चारशे लिटर आहे, टाकीची धुलाई चालू आहे.”

“कॉस्टिकनं.”

“हो. कडकडीत गरम, कातडी सोलून काढणारं कॉस्टिक सोड्याचं पाणी. दुसरी सिस्टीम साठ्याची. दूध किती आलं, किती गेलं, किती उरलं. ती म्हणत होती, टाकी रिकामी. तिसरी प्रयोगशाळेची. दुधाचे नमुने, फॅट, आंबटपणा. तिच्यातही टाकी रिकामी.”

“आणि तुझा तो संगणकाचा पडदा?”

वैदेहीने मान खाली घातली.

तो पडदा म्हणजे तिच्या दीड वर्षाच्या खपण्याचं फळ. तिने तिन्ही सिस्टीम एकमेकींना जोडल्या. टाक्यांजवळचे जुने तीन पडदे काढले, एकच मोठा लावला. ‘आता कोणाला कोणाकडे चौकशी करत फिरायला नको,’ असं ती सगळ्यांसमोर म्हणाली होती. अध्यक्षांनी स्वतः नारळ फोडला होता.

“माझ्या पडद्यावर हिरव्या अक्षरात... रिकामी.”

“ते कसं?”

“तिघींचं जुळलं नाही तर दोघी म्हणतील ते धरायचं, असं मी ठरवलं होतं.”

“म्हणजे मतदान घेतलंस.”

वैदेही नखाने लॅपटॉपची कड खरवडत राहिली.

“साठ्याच्या सिस्टीमला कोण विचारतं?” चाचांनी विचारलं.

“विक्रीवाले.”

“काय विचारतात?”

“दूध किती आहे.”

“होतं?”

“थेंबभर नव्हतं.”

“प्रयोगशाळेवाले काय विचारतात?”

“तपासायला दूध आहे का.”

“होतं?”

“नाही.”

“आणि पॅनेलवाला? टाकीत काय आहे, असं?”

“कॉस्टिक होतं.”

“मग खोटं कोण बोललं?”

“कोणीच नाही...” वैदेही पुटपुटली. मग एकदम म्हणाली, “पण मग हात कसा भाजला?”

चाचांनी पायरीवरचं एक वाळकं पान उचलून बाजूला टाकलं.

“मी नियम बदलते. धुलाई चालू असली की पडदा लाल. बाकी दोघी काहीही म्हणोत.”

“कर. चांगलं आहे.”

“पुरेल ना तेवढं?”

“नाही.”

“मग पडदाच काढून टाकू?”

“छे. त्यानं माणसांच्या किती येरझाऱ्या वाचतात.”

“ठेव म्हणता, आणि पुरणार नाही असंही म्हणता. मी नक्की करू तरी काय?”



“यशवंतला भेटलीस?”

“त्याचा जबाब घेतलाय. तीन पानं आहेत.”

“भेटलीस का?”

“...नाही.”

चाचांनी चपला पायात सरकवल्या आणि चालू लागले. वैदेही लॅपटॉप छातीशी धरून मागोमाग गेली.

यशवंतचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. मॅडमना दारात बघून तो खाटेवरून उठायला लागला. चाचांनी त्याला खांद्याला धरून बसवलं.



वैदेहीने अहवालासाठी काढलेला प्रश्न विचारला. “पडदा नीट वाचला होता का तुम्ही?”

“वाचला की, मॅडम. चार नंबर, रिकामी. हिरवं व्हतं.”

“म्हणून झाकण उघडलं?”

“झाकणाचं रबर बदलायचं व्हतं.”

“यशवंता,” चाचा म्हणाले, “उघडायच्या आधी काय केलंस?”

यशवंत जमिनीकडे बघायला लागला.

“टाकीला हात लावला, चाचा. उलटा हात. तुमी शिकवल्यालं तसा.”

“मग?”

“गरम लागलं.”

वैदेही खुर्चीत पुढे सरकली. “गरम लागलं? आणि तरी उघडलंत?”

“पडदा रिकामी म्हणत व्हता, मॅडम.” तो थांबला. डाव्या हाताने चादरीची सुरकुती काढत राहिला. “मला वाटलं, माझाच हात चुकतोय.”

आत भांडं वाजलं. यशवंतच्या बायकोने चहा टाकला असावा.

“हे जबाबात का नाही सांगितलंत?” वैदेहीचा आवाज बारीक झाला होता.

“कुणी इचारलंच न्हाई.”

चहा आला. वैदेहीने कप हातात घेतला आणि तसाच धरून बसली. चहावर साय धरली. निघताना तिला यशवंतला काहीतरी म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, “जपा.”

बाहेर गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या टाकीचा कट्टा होता. ती तिथेच बसली. लॅपटॉप उघडला. ‘चूक कोणाची’ या ओळीपुढे तिने कालच ‘कामगाराची’ असं लिहून ठेवलं होतं. चुकलेली सिस्टीम सापडली नाही, तर हेच पाठवायचं, म्हणून. चाचांना तिने ते सांगितलं नव्हतं.

तिने तो शब्द पुसला.

ओळ रिकामी राहिली. बराच वेळ.

मग तिथे तिने स्वतःचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, हुद्द्यासकट. खाली यशवंतचं सगळं बोलणं लिहिलं, त्याच्याच शब्दांत, आणि सकाळची वाट न बघता अहवाल पाठवून दिला.

चाचांनी वाचायला मागितला नाही.

“पाठवला,” ती म्हणाली. “उद्या काय व्हायचं ते होईल. पण सोमवारपासून तो पडदा पुन्हा चालू करायचाय, चाचा. मी नसले तर दुसरं कोणी करेल. यशवंतही बरा होऊन कामावर येईल, त्याच पडद्यासमोर उभा राहील. त्याला काय दाखवायचं?”

चाचा तिच्या शेजारी कट्ट्यावर टेकले.

“यंत्रावर विश्वास ठेव म्हणावं, तर त्याचा हात भाजला. हातावर ठेव म्हणावं, तर हात तरी दर वेळी कुठे बरोबर असतो? थंड टाकीतही कॉस्टिक असू शकतं. सगळ्या सिस्टीम खरं बोलतात, मी त्यांचं खरं एकत्र करते आणि त्याचं खोटं होतं. दीड वर्ष मला वाटत होतं, या कारखान्यातलं सगळं मला कळतं. आज...”

तिने लॅपटॉप मिटला.

“आज चार नंबरच्या टाकीत काय आहे, हेसुद्धा मी छातीठोक सांगू शकत नाही. खरंच सांगते, चाचा, मला माहीत नाही.”

चाचा कट्ट्यावरून उठले.

“तिघींचं जुळलं नाही, की हेच लिही पडद्यावर.”