दावणीतली पेंड

ही गोष्ट फार फार जुनी आहे. तेव्हा मुलूख राजांचे होते, आणि गोष्टींतल्या जनावरांना मनात आलं तर बोलायची मुभा होती.

अशाच एका मुलखात, नदीकाठच्या गावात, एक शेतकरी राहत होता. सगळं गाव फिक्या गुलाबी दाण्याचा भुईमूग पेरी. हा एकटा लालभडक दाण्याचा पेरी आणि त्याचा त्याला भारी तोरा होता. नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. आई गेलेली म्हशीची एक पारडी मात्र होती. बायकोने तिला बोळ्याने दूध पाजून वाढवलं होतं, आणि दोघांचा जीव तिच्यात होता.

त्या वर्षी काढणीच्या ऐन वेळी पाऊस आला. शेंगा भिजल्या.

बायको म्हणाली, "अहो, उन्हात पसरून चांगल्या वाळू द्या. शेंग हलवली की आत दाणा खुळखुळला पाहिजे."

पण शेतकऱ्याला शाळू पेरायची घाई. त्याने ओल्याच शेंगांची रास घातली, वर कडबा टाकला आणि पाभर धरली.

पेरणी उरकून रास उघडली, तर आतून कोंदट वाफ आली. शेंगा फोडल्या, तर बऱ्याच दाण्यांवर हिरवट बुरशी. एक तोंडात टाकला तो कडूजहर, थुंकून टाकला. चांगले दाणे निवडून त्याने घरात ठेवले. उरलेले उकिरड्यावर टाकायला मात्र जीव होईना. अन्न टाकणं म्हणजे पाप, असं त्याने मनाला समजावलं. मन समजूतदार होतं, लगेच पटलं त्याला. मग पोत्यांत खाली कडू दाणे भरले, तोंडाशी चार मुठी चांगले पसरले, आणि पोती गावच्या तेल्याच्या घाण्यावर नेऊन घातली.

पुढे थोड्याच दिवसांत पारडी मलूल झाली. वैरणीला तोंड लावीना. अंगावरचा केस उभा राहिला, बरगड्या मोजता येऊ लागल्या.

शेतकऱ्याला काही उमगेना. दृष्ट लागली म्हणून मीठमिरच्या ओवाळल्या. पाणी बाधलं म्हणून विहीर बदलली. शेजारणीने कौतुकाने पारडीच्या पाठीवरून हात फिरवला होता, तर तिच्याशी बोलणं टाकलं. आणि पारडी अशक्त झाली म्हणून तेल्याकडून आणलेली पेंड तिला रोज थोडी जास्तच घालू लागला.

एकदा घरातली पेंड संपली. नेमक्या त्याच दिवशी एका वैदूने पारडीच्या गळ्यात काळा दोरा बांधला. आठवड्याभरात ती वैरण खाऊ लागली. शेतकऱ्याने वैदूचे पाय धरले आणि आनंदाच्या भरात घाण्यावरून नवी पेंड घेऊन आला. पारडी पुन्हा मलूल होऊन बसली. आता शेतकरी दोरा उलटासुलटा करून पाहू लागला. गाठ कुणी सैल केली? वैदूच खोटा, तर मग आधी बरी कशी झाली? त्याचं डोकं भणाणून गेलं. पारडी तेवढी बोलली असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण तिच्यात बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, पेंड नव्हती तेव्हाच ती बरी होती."

झालं. शेतकरी तडक चावडीवर गेला. "तेल्याने पेंडीत काहीतरी कालवलंय," तो पंचांना म्हणाला. "माझी पारडी मरायला टेकलीय. त्याचा घाणा बंद करा."

आणखीही दोघंतिघं उठून उभी राहिली. कुणाची म्हैस आटली होती, कुणाचं रेडकू दगावलं होतं. गाव तेल्यावर धावून जायच्या बेतात होतं.

पंचांनी तेल्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "दादा, मी पदरचं काही घालत नाही. तुम्ही आणता तेच गाळतो. एक पोतं गाळायचं राहिलंय, ते बघा." त्याने पोतं आणून पंचांसमोर पालथं केलं.

वर चांगले दाणे होते. खाली बुरसटलेले, आकसलेले. पण बुरशीखालूनही त्यांचा लालभडक रंग दिसत होता. साऱ्या गावाने शेतकऱ्याकडे पाहिलं.

सरपंच म्हातारी बाई होती. तिने हलक्या आवाजात विचारलं, "बाबा, हे दाणे तू घरी का नाही ठेवलेस?"

"कडू होते," शेतकरी म्हणाला.

"मग घाण्यावर कसे नेलेस?"

"म्हटलं, तेल निघेल, चोथ्याची पेंड होईल. कोण बघतंय?" बोलता बोलताच त्याच्या ध्यानात आलं. काखेत कळसा नि गावाला वळसा! महिनाभर जे विष तो गावभर शोधत होता, ते त्यानेच पोत्यात भरलं होतं आणि त्यानेच घमेल्यातून पारडीपुढे ठेवलं होतं. त्याला रडू आवरेना.

तेली म्हणाला, "मीही पोत्यात खालपर्यंत हात घातला नाही. तेवढी चूक माझी."

गावातली सगळी पेंड गोळा झाली. शेतकऱ्याने एकट्याने खोल खड्डा खणला आणि ती पुरली. ज्याचं रेडकू गेलं होतं, त्याच्या दारात जाऊन त्याने हात जोडले. शेजारणीच्या दारातही गेला. तिथे जाणं त्याला जास्त जड गेलं.

पारडी वाचली. पण आतून जे बिघडलं ते सुधारलं नाही. तिच्या बरोबरीच्या पारड्यांच्या म्हशी झाल्या, त्यांना रेडकं झाली. ही मात्र तेवढीच राहिली, खुरटलेली, कधीच न व्यायलेली. बायको तिला शेवटपर्यंत हातानेच चारा भरवी. नवऱ्याला तिने एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच त्याला जन्मभर लागून राहिलं.

तात्पर्य: जे आपल्याला गिळवत नाही, ते दुसऱ्याच्या पोटात जाऊ देऊ नये.