परतीचा गूळ

नागपूरच्या शरयू पिंपळापुरे यांची कोल्हापूरला बदली झाली आणि सामान हलवणाऱ्या कंपन्यांनी त्यांचं डोकं उठवलं. एकजण पॅकिंगचे वेगळे पैसे सांगे, दुसरा जिन्याचे. तिसरा तर कपाटाकडे बघून नुसता सुस्कारा टाकी आणि आकडा वाढवी.

सगळ्यांत कमी दर सांगितला तो उमाठेशेठनी. वर छाती फुगवून म्हणाले, "मॅडम, एवढ्यात दुसऱ्या कोणाला परवडणार नाही. आमची गाडी कोल्हापुरातून गूळ भरूनच परत येते. तिथला व्यापारी वाटच पाहत असतो."

गाडी कोल्हापुरात दाराशी लागली. गुळाच्या सौद्यासाठी शेठही सोबत आले होते. त्यांनी गाडीच्या मागच्या दाराला कुलूप घातलं.

"सामान जास्त निघालं. ठरल्याच्या दीडपट द्या, नाहीतर ते गाडीतच राहील."

शरयूबाईंचं डोकं तडकलं, पण प्रवासानं अंग असं आंबलं होतं की भांडायलाही त्राण नव्हतं. त्या पायरीवर टेकल्या.

"राहू द्या! घराला अजून रंग द्यायचाय, सामान कुठं ठेवू हाच घोर होता. आठवडाभर ठेवा तुमच्याच गाडीत. फक्त एक सांगा शेठ, गूळ काय डोक्यावरून नेणार?"

तेवढ्यात शेठच्या खिशात फोन वाजला. गुळाचा व्यापारी होता.

शेठनी कुलूप काढलं आणि हमालांबरोबर स्वतःही कपाटाला खांदा दिला.

"आटपा लवकर," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तिकडे गुळाला मुंगळे लागतील."